सोडतीचं बीज

एक कागद-पेन घ्या आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झालं ते वर्ष लिहा : १९६०. त्याचा वर्ग करा. उत्तर येतं ३८४१६००. अंक सातच आहेत, म्हणून डावीकडे एक शून्य लावून आठ करून घ्या : ०३८४१६००. आता दोन्ही टोकांचे दोन-दोन अंक खोडा, मधले चार उरतील : ८४१६. हा झाला दुसरा आकडा. त्याचाही वर्ग करा, मधले चार अंक घ्या. ८२९० मिळेल. मग ७२४१. मग ४३२०, ६६२४, ८७७३, ९६५५, २१९०, ७९६१, ३७७५.

ही यादी मी वहीत उतरवून घरात एक-दोघांना दाखवली आणि पुढचा आकडा विचारला. कुणालाच सांगता येईना. रेल्वेच्या डब्यात शेजारी-शेजारी बसलेल्या अनोळखी प्रवाशांसारखे हे आकडे दिसतात, एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. आणि तरीही त्यांत योगायोगाचा कणभर अंश नाही. सगळा निव्वळ गुणाकार आहे.

याच वाटेनं आणखी थोडं पुढे गेलं की सोंग उघडं पडतं. ३७७५ नंतर २५०६ येतो, मग २८००, ८४००, ५६००, ३६००, ९६००, १६००. आणि १६०० नंतर पुन्हा ५६००. तिथून पुढे कितीही वर्ग करा, घाण्याला जुंपलेल्या बैलासारखे हेच चार आकडे फिरत राहतात.

ही रीत जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाची. दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमाराला अमेरिकेत लॉस अलामोस इथे अण्वस्त्रांवर काम करणारे शास्त्रज्ञ एका गणितापाशी अडले होते. सुटलेला न्यूट्रॉन कुठे आदळेल, शोषला जाईल की आणखी न्यूट्रॉन उधळेल, हे समीकरणं सोडवून हाती लागत नव्हतं. १९४६ मध्ये आजारातून उठणारा स्टॅनिस्लाव उलाम वेळ घालवायला एकट्यानं पत्त्यांचा डाव लावत बसे. डाव सुटण्याची शक्यता सूत्रानं काढण्यापेक्षा शंभर डाव लावावेत आणि सुटलेले मोजावेत, हे सोपं, असं त्याच्या ध्यानात आलं. न्यूट्रॉनचंही तसंच करता येईल : प्रत्येक वळणावर फासा टाकायचा, फासा सांगेल तिकडे त्याला न्यायचं, आणि अशा हजारो न्यूट्रॉनांचे प्रवास मोजायचे. निकोलस मेट्रोपोलिसनं या पद्धतीला जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचं नाव दिलं. १९४८ मध्ये एनिअ‍ॅक या संगणकावर ही गणितं झाली.

पण संगणकाला हात नाहीत. फासा टाकायचा कुणी? फॉन नॉयमननं वर्गाच्या पोटातले अंक काढले ते यासाठी. आपण काय करतो आहोत हे त्याला पुरतं ठाऊक होतं. अंकगणितानं रँडम आकडे काढू पाहणारा माणूस पाप करतो, अशा अर्थाचं त्याचं विधान या क्षेत्रात आजही सांगितलं जातं. तरी त्यानं ते पाप पत्करलं, कारण त्याच्या पोटात एक पुण्य होतं. खरा फासा पुन्हा तसाच पडत नाही, त्यामुळे त्यावर बेतलेलं गणित चुकलं की बरोबर आलं, हे ताडून पाहता येत नाही. १९६० पासून निघालं तर मात्र जगात कुठेही, कधीही, पुढचा आकडा ८४१६ च येतो.

प्रोग्रॅममधल्या रँडम आकड्यांची पुढची सगळी कहाणी या पापाची आणि या पुण्याची आहे.

चिठ्ठी कुणी उचलली?

काही वर्षांपूर्वी मावशीबरोबर घरांच्या एका सोडतीला गेलो होतो. सभागृह खच्चून भरलेलं. समोर मोठा पडदा. पाहुण्यांनी बटण दाबलं, पडद्यावर क्रमांक सरकू लागले, थांबले, टाळ्या झाल्या. मावशीचा नंबर लागला नाही. बाहेर येऊन चहा घेताना तिनं कुरकुर केली नाही, एवढंच विचारलं, "चिठ्ठी कुणी उचलली?"

मी म्हटलं, आता चिठ्ठी नसते, कॉम्प्युटर रँडम नंबर काढतो.

"अरे, पण कुणीतरी उचललीच असेल ना?"

तेव्हा मला तो प्रश्न भाबडा वाटला. या विषयात जसजसा शिरलो तसतसं कळत गेलं की याहून नेमका प्रश्न विचारता येणार नाही.

चिठ्ठी म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. भिशीची चिठ्ठी घरातल्या सगळ्यात लहान पोराकडून उचलून घेतात. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा पारदर्शक पिंप ठेवतात, शाळेतली मुलं चिठ्ठ्या काढतात आणि उघडलेली चिठ्ठी सगळीकडे फिरवून दाखवतात. दोन उमेदवारांना सारखी मतं पडली तर ईश्वरचिठ्ठी काढतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागाचा नगरसेवक असाच ठरला. बरोबरी सोडवण्याच्या या रीतीला आपण देवाचं नाव दिलं आहे. त्यात माणसाची लबाडी नको, ही अपेक्षा त्या नावातच आहे.

भिशीच्या डब्याकडे नीट पाहिलं तर न्यायाच्या तीन अटी सापडतात. चिठ्ठ्या सगळ्या सारख्या घडीच्या हव्यात. डबा सर्वांदेखत हलवलेला हवा. आणि उचलणारा हात निरपेक्ष हवा. प्रोग्रॅमलाही याच तीन अटी लागू आहेत, आणि गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत त्याला त्या अवघड गेल्या आहेत. हा प्रश्न आज आपल्या दाराशी आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांवर कोणत्या मुलाचा नंबर लागेल, हे महाराष्ट्रात संगणकावरची सोडत ठरवते. म्हाडाच्या मुंबई मंडळानं २०२३ मध्ये ४,०८२ घरांची सोडत काढली तेव्हा लाखाहून जास्त अर्ज होते. कोणतं मतदान यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार, हेही निवडणूक आयोग पक्षांच्या प्रतिनिधींसमोर संगणकाकडून सरमिसळ करून ठरवतो.

सारख्या घडीच्या चिठ्ठ्या

माणसाला मनानं रँडम निवडता येत नाही, हे संख्याशास्त्र फार आधी शिकलं. १९२७ मध्ये टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं जनगणनेच्या अहवालांतले अंक घेऊन ४१,६०० रँडम अंकांचं पुस्तक काढलं. ज्याला नमुना निवडायचा त्यानं पान उघडायचं आणि अंक सांगतील ते घ्यायचं. आपल्याकडे या विद्येला शेताच्या बांधावर आणणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे आघाडीवर होते. १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि लंडनला जाऊन संख्याशास्त्रज्ञ झालेले सुखात्मे १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध घडी बसवत होते. जिल्ह्यात गहू किती पिकला हे सगळं शेत मळून कळणार नाही, थोड्या तुकड्यांवरून काढायचं. ते तुकडे कोणते? गाव, शेत आणि शेतातली नेमकी जागा रँडम आकड्यांनी ठरवायची. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं, आकडे सांगतील तेवढी पावलं लांबीकडे आणि तेवढी रुंदीकडे जायचं, तिथे खुंट्या ठोकायच्या आणि तेवढंच पीक कापून मोजायचं. डोळ्याला भरलेली जागा घ्यायची नाही, उजाड जागा टाळायची नाही. तुकडा फार लहान घेतला तर मोजणारा काठावरची रोपं आत धरतो आणि उतारा फुगतो, हे सुखात्म्यांनी दाखवून दिलं. पीक विम्याची भरपाई आजही या कापणीशी जोडलेली आहे. आकड्यांच्या त्या जोडीवर शेतकऱ्याचं वर्ष अवलंबून असतं.

टिपेटनंतर आकड्यांची भूक वाढत गेली. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशननं १९४७ मध्ये विजेच्या स्पंदनांवर चालणारं एक यंत्र उभं केलं. त्याला विजेचं रूलेट म्हणायला हरकत नाही. त्याच्या चाकाला ३२ घरं होती. अंक मात्र दहा हवेत, आणि ३२ ला दहानं निःशेष भाग जात नाही. म्हणून २० घरं ठेवली आणि १२ वर थांबलेलं चाक सरळ टाकून दिलं.

हे टाकून देणं का गरजेचं, ते घरच्या उदाहरणानं पाहता येईल. तीन अर्जदार आहेत आणि हाती ० ते ९ यांपैकी एक अंक येणार आहे. अंकाला तीननं भागून बाकीवरून निवड करायची म्हटलं तर शून्य बाकी चार अंकांना येते (०, ३, ६, ९), एक आणि दोन या बाक्या मात्र तीन-तीन अंकांनाच. पहिल्या अर्जदाराच्या नावाच्या चार चिठ्ठ्या डब्यात पडल्या, इतरांच्या तीन-तीन. कुणाचा हेतू वाईट नसताना अन्याय झाला. उपाय साधा : नऊ आला तर टाकून द्या आणि पुन्हा काढा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून ही एक ओळ आजही राहून जाते.

एवढी काळजी घेऊनही रँडच्या यंत्रात हळूहळू कल शिरला. काही अंक प्रमाणाबाहेर येऊ लागले. तेव्हा त्यांनी प्रत्येक कार्डावरचे अंक आधीच्या कार्डावरच्या अंकांत मिळवले, बेरजेतला फक्त एकक ठेवला, आणि तो कल धुऊन निघाला. १९५५ मध्ये ४०० पानभर आकडे असलेलं दहा लाख अंकांचं पुस्तक छापून आलं.

संगणक वेगवान झाले तसं पुस्तकातून आकडे वाचणं परवडेना. पुन्हा सूत्रांकडे वळावं लागलं. साधीशी रीत अशी की हातातल्या आकड्याला एका ठरलेल्या आकड्यानं गुणायचं, दुसऱ्या ठरलेल्या आकड्यानं भागायचं आणि बाकी ठेवायची. ती बाकी हा पुढचा आकडा. डी. एच. लेमर यांनी १९४९ मध्ये सुचवलेली ही युक्ती गुणक चांगला असेल तर उत्तम चालते. १९६० च्या दशकात आयबीएमच्या संगणकांबरोबर आलेल्या रँडू नावाच्या प्रोग्रॅममध्ये गुणक होता ६५,५३९. तो निवडला कारण त्यानं गुणणं यंत्राला सोपं जात होतं. एकेक आकडा पाहिला तर सगळं ठीक. पण लागोपाठचे तीन आकडे घेतले की त्यांतला तिसरा नेहमी दुसऱ्याच्या सहापटीतून पहिल्याची नऊपट वजा करून आणि तशीच बाकी घेऊन मिळायचा. तीन-तीन आकडे घेऊन घनाकृती खोक्यात ठिपके मांडले तर ते खोकंभर विखुरण्याऐवजी पंधरा सपाट थरांवर बसत, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे. मधली जागा कायमची रिकामी. अशी सगळीच सूत्रं थरांवर बसतात, हे जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ मध्ये सिद्ध केलं. रँडूचे थर फारच थोडे होते. तोवर कित्येक विद्यापीठांतली गणितं त्यावर होऊन गेली होती.

डोनाल्ड नूथ यांनीही ऐन तरुणपणी, १९५९ मध्ये, कुणालाच उलगडू नये अशी भारी गुंतागुंतीची रीत रचली होती. यंत्रावर चालवली तेव्हा ती लवकरच ६०६५०३८४२० या आकड्यापाशी पोचली आणि तिथेच थांबली. या आकड्यावर सगळी उलथापालथ केली की पुन्हा तोच आकडा यायचा. गुंतागुंत म्हणजे सरमिसळ नव्हे, हा धडा त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात प्रांजळपणे लिहून ठेवला.

आज ही पहिली अट बरीचशी सुटली आहे. जपानमधल्या माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेलं मर्सेन ट्विस्टर हे सूत्र पायथॉनसह अनेक भाषांत अंगचंच असतं. त्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला जितके आकडे जावे लागतात, ती संख्या लिहायलाच सहा हजार अंक लागतात. हवामानाचं, रहदारीचं किंवा साथीच्या फैलावाचं गणित मांडायला ते पुरेपूर आहे. मात्र त्यानं दिलेले लागोपाठचे ६२४ आकडे कुणी टिपून ठेवले तर पुढचे सगळे त्याला अचूक सांगता येतात. चिठ्ठ्या सारख्या घडीच्या आहेत, पण डबा काचेचा आहे.

डबा हलवायचा कशानं?

सूत्राला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो. आपण वहीवर १९६० दिला होता. त्याला बीज म्हणतात. बीज तेच तर झाडही तेच, पानन् पान तेच. म्हणून सूत्र कितीही उत्तम असलं तरी बीज ज्याला कळलं त्याला सगळं कळलं.

१९९९ मध्ये इंटरनेटवर पत्त्यांचा पोकर हा खेळ पैसे लावून खेळवणाऱ्या एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीनं आपण पत्ते कसे पिसतो याचा प्रोग्रॅम जाहीर केला. खेळ सचोटीचा आहे हे लोकांना कळावं, हा हेतू. ५२ पत्ते पिसण्याचे प्रकार किती? ८ लिहून त्यापुढे ६७ अंक, इतके. कंपनीचं बीज मात्र जास्तीत जास्त ४२९ कोटी प्रकारांचं असू शकत होतं, आणि ते मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून ठरत होतं. दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. काही संगणकतज्ज्ञांनी आपलं घड्याळ कंपनीच्या घड्याळाशी जुळवून शक्यता दोन लाखांच्या आसपास आणल्या. मग हातातले आणि टेबलावर उघडलेले पत्ते जुळवून पाहिले की सगळ्या खेळाडूंचे पत्ते त्यांना त्याच वेळी दिसत होते. त्यांनी हे गैरफायद्यासाठी न वापरता जाहीर केलं, म्हणून आपल्याला कळलं.

डेबियनची कथा याहून बोलकी आहे. लिनक्सच्या या लोकप्रिय आवृत्तीत गुप्त किल्ल्या तयार करणारा जो भाग होता, त्यातल्या दोन ओळींवर तपासणीचं एक साधन इशारा देत असे. २००६ मध्ये तो इशारा थांबावा म्हणून त्या ओळी काढून टाकल्या गेल्या. डबा हलवण्याचं काम त्याच ओळी करत होत्या. उरलं फक्त चालू प्रोग्रॅमला यंत्रानं दिलेला क्रमांक, म्हणजे ३२,७६८ शक्यता. विश्वाच्या अंतापर्यंत शोधून सापडू नये अशी किल्ली कपाटभर किल्ल्यांतून काढता येऊ लागली. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांच्या ते लक्षात आलं, तोवर जवळपास दोन वर्षं जगभरचे सर्व्हर अशा किल्ल्यांनी बंद केलेले होते. दिसायला सगळ्या किल्ल्या अगदी रँडम होत्या. आकड्याकडे बघून तो कुठून आला हे कळत नाही. ते त्याच्या जन्माकडे बघून कळतं.

तर मग बीज आणायचं कुठून? यंत्राच्या आत ते नाही, बाहेरून आणावं लागतं. मुंबईत याचा एक काळा दाखला आहे. गिरणगावात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर पैसे लागत. सातासमुद्रापलीकडून आलेल्या त्या आकड्यावर इथल्या कुणाची सत्ता नव्हती, हाच त्याच्यावरचा विश्वास. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं बंद झालं तेव्हा कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांचा मटका सुरू झाला. आधी चिठ्ठ्या, मग पत्ते. तीन आकडे काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि एकक ठेवायचा. तो 'ओपन'. रँडच्या शास्त्रज्ञांनी आपल्या यंत्राचा कल धुऊन काढला तीही हीच बेरीज, हाच एकक. या धंद्यानं किती गिरणी कामगारांचे पगार घरी पोचण्याआधी गिळले याचा हिशेब कुणाकडे नाही. त्या पैसे लावणाऱ्यांना एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती : ज्याच्या हाती आकड्याचा उगम, त्याच्या हाती सगळं.

आजचा संगणक असाच बाहेरचा आवाज ऐकतो. बोटं कळफलकावर किती अंतरानं पडली, जाळ्यावरून निरोप नेमका कोणत्या क्षणी आला, असे बारीक फरक लिनक्स १९९४ पासून गोळा करत आला आहे. इंटेलच्या चिपमध्ये २०१२ पासून उष्णतेनं होणारी विजेची थरथर टिपणारं मंडल आहे. ब्रिटनच्या बक्षीस रोख्यांची सोडत १९५७ पासून काढणारं अर्नी हे यंत्र निऑनच्या नळ्यांमधल्या खरखरीवर चाले. युद्धकाळात कोलोसस संगणक उभारणारे टॉमी फ्लॉवर्स ते बांधणाऱ्यांत होते. सॅन फ्रान्सिस्कोत क्लाउडफ्लेअर कंपनीच्या दालनात भिंतभर लाव्हा दिवे मांडले आहेत. त्यांतल्या मेणाच्या हेलकाव्यांचं छायाचित्र कॅमेरा घेतो आणि त्यातून बीज तयार होतं.

उचलणारा हात

पण मावशीनं विचारलं होतं ते हाताबद्दल.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका दुकानात २३ डिसेंबर २०१० रोजी हॉट लोटो या लॉटरीचं तिकीट विकलं गेलं. २९ डिसेंबरच्या सोडतीत त्याला दीड कोटी डॉलरच्या आसपास बक्षीस लागलं. वर्षभर कुणी फिरकलं नाही. मुदत संपायला काही तास उरले असताना न्यूयॉर्कच्या एका वकिलामार्फत बेलीझमधल्या एका न्यासाच्या नावानं दावा आला. संशय बळावला, आणि तपासाअंती दुकानातल्या कॅमेऱ्यातला माणूस ओळखला गेला : एडी टिप्टन, लॉटऱ्या चालवणाऱ्या संस्थेचा माहिती-सुरक्षा प्रमुख.

सोडतीच्या यंत्राचा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला होता. बीज बाहेरून येत होतं, सूत्रही बरोबर होतं. मात्र त्यात दडवलेल्या काही ओळी असं सांगत होत्या की वर्षातल्या तीन ठरावीक तारखांना, ठरावीक वारी, रात्री आठनंतर सोडत असेल तर बाहेरचं बीज बाजूला ठेवायचं आणि अंदाज करता येईल असं बीज घ्यायचं. इतर सर्व दिवशी यंत्र चोख. हजार वेळा चाचणी घ्या, हजार वेळा ते उत्तीर्ण होईल. विस्कॉन्सिनमध्ये २००७ च्या सोडतीचं जुनं यंत्र शिल्लक होतं, त्यातून त्या ओळी हाती लागल्या. २०१७ मध्ये टिप्टनला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

हे वाचलं त्या रात्री मला मावशीची आठवण झाली. टिप्टनच्या सोडतींत भाग घेतलेल्या लाखो माणसांना पडद्यावर आकडे दिसत होते. चिठ्ठी कुणी उचलली हे कुणालाच दिसत नव्हतं.

तेव्हा संगणक नको, आपली चिठ्ठीच बरी, असं म्हणावं का? १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धावर कुणाला आधी पाठवायचं हे ठरवायला दूरचित्रवाणीवर सोडत काढली. वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या कुप्यांत घालून त्या काचेच्या भांड्यात ओतल्या होत्या. सगळं उघड्यावर, सगळ्या देशासमोर. पण कुप्या जानेवारीपासून महिन्याच्या क्रमानं भरल्या गेल्या आणि पुरत्या मिसळल्याच नाहीत. वर्षाअखेरच्या तारखा वर राहिल्या. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेल्या मुलांच्या तारखा प्रमाणाबाहेर आधी निघाल्या, आणि पुढच्या सोडतीची पद्धत बदलावी लागली. हात निरपेक्ष होता, पण डबा हलला नव्हता. लाखभर अर्जांच्या चिठ्ठ्या तर कोणत्याच पिंपात नीट ढवळता यायच्या नाहीत.

पाप आणि पुण्य

वाट या दोहोंच्या मधून जाते, आणि ती कुणीतरी चालून दाखवली आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात निवडणुकीनंतर काही मतपत्रिका रँडम निवडून त्या हातानं तपासतात. २०१७ पासून तिथे राज्यभर ही पद्धत आहे. आधी सगळ्या मतपत्रिकांची यादी नोंदवून पक्की होते. मग जाहीर सभेत दहा बाजूंचे फासे वीस वेळा टाकतात आणि वीस अंकांचं बीज तयार होतं. ते बीज सर्वांना ठाऊक असलेल्या एका प्रोग्रॅमला देतात, आणि कोणत्या मतपत्रिका तपासायच्या ते प्रोग्रॅम सांगतो.

फॉन नॉयमनचं पुण्य इथे कामाला येतं. फाशांनी बीज दिलं, म्हणून ते आधी कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रोग्रॅमनं सरमिसळ केली, म्हणून ती लाखोंची झाली आणि सारख्या घडीची झाली. आणि तेच बीज दिलं की तेच उत्तर येतं, म्हणून घरी बसलेला कुणीही नागरिक ती वीस अंकी संख्या आपल्या संगणकाला देऊन निकाल ताडून पाहू शकतो. ज्या गुणामुळे संगणक सोडतीला नालायक ठरत होता, तोच गुण सोडतीचा साक्षीदार होतो.

यात क्रम फार महत्त्वाचा. यादी आधी, प्रोग्रॅम आधी, फासे सगळ्यात शेवटी. फासे आधी पडले तर यादीत एखादा अर्ज पुढे-मागे सरकवून हवा तो निकाल आणता येतो. यादी गोठवली आहे हे सिद्ध करण्याची सोयही आहे. तिचा एक डिजिटल ठसा काढून आदल्या दिवशी वर्तमानपत्रात छापावा. यादीत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. अर्जदारांची नावं उघड करायला नकोत, अर्ज क्रमांक पुरेत.

आपल्याकडे हे होण्यात काय अडचण आहे? मतमोजणीच्या वेळी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच व्हीव्हीपॅट यंत्रं पडताळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये दिला. ती पाच केंद्रं आजही उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर कागदाच्या चिठ्ठ्या काढून निवडतात. उघड्यावर चिठ्ठी काढण्याची सवय आपल्या हाडामांसात आहे. ती फक्त प्रोग्रॅमच्या तोंडाशी नेऊन ठेवायची आहे. घरांची असो, शाळेची असो, प्रत्येक संगणकीय सोडतीनं यादीचा ठसा आधी छापावा, प्रोग्रॅम आधी खुला करावा आणि बीज सभागृहात सर्वांदेखत काढावं. खर्च म्हणाल तर मूठभर फाशांचा. त्या बदल्यात ज्याचा नंबर लागला नाही तो माणूस मनात शंका न घेता घरी जाईल. नंबर न लागणाऱ्यांची संख्या नेहमीच फार मोठी असते. सोडत खरी त्यांच्यासाठी निर्मळ हवी.

मागच्या महिन्यात मावशीकडे गेलो तेव्हा हे सगळं तिला सांगितलं. वहीवर १९६० लिहून वर्गही करून दाखवले. १६०० नंतर पुन्हा ५६०० आला तेव्हा ती म्हणाली, हा तर फिरून तिथेच आला. मग फाशांचं सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, ते वीस फासे कुणी टाकायचे?

सभागृहात आलेल्या वीस माणसांनी, मी म्हटलं. प्रत्येकानं एक.

पुढची सोडत अशी निघाली तर चिठ्ठी कुणी उचलली हे तिला विचारावं लागणार नाही. वीस अंकांतला एक अंक तिच्या हातून पडलेला असेल.